खळ लावलेल्या पोळ्या

“नरू, ही पोळी मेल्यासारखी लोंबतेय,” अक्का म्हणाली. तिने ती दोन बोटांत धरून माझ्या नाकासमोर हलवली. “अशी कोणी पाहुण्याला वाढतं का?”

पोळी फेल्टची होती. फेल्ट म्हणजे लोकरीसारखं जाडसर, मऊ कापड. त्याचे धागे सुटत नाहीत, कडा दुमडाव्या लागत नाहीत. चाळीस वर्षं भोरमधल्या बायकांची पोलकी शिवल्यावर अक्काने उतारवयात तेवढंच ठेवलं होतं: मुलांच्या भातुकलीतला खाऊ. करंज्या, लाडू, काकडीच्या चकत्या, खारी, बिस्किटं. आत कापूस भरायचा, कडेने टाके घालायचे, वर रंगीत दोऱ्याने तीळ नाहीतर खसखस काढायची. मुलं खोटा खोटा चहा मांडतात आणि एकमेकांना हे वाढतात.

त्या वेळी आमच्याकडे मोठं काम आलं होतं. रेवती शेटे नावाच्या बाईंनी नदीपलीकडे एका बंगल्यात बालवर्ग काढला होता. दर शुक्रवारी त्यांच्याकडे मुलांचं चहापान असे. एक मूल यजमान, बाकीची पाहुणे. त्यासाठी खाऊचे सहा संच हवे होते. त्यांनी केक आणि बिस्किटं सांगितली होती. पोळ्या अक्काच्या आग्रहाने आल्या.

“भोरची पोरं सकाळी उठून केक खातात का?” तिने बाईंना विचारलं होतं. “चहा-पोळी खातात. प्रत्येक संचात चार पोळ्या देते. बघ तू, केक राहतील पडून.”

आणि आता पोळी लोंबत होती.

“खळ लावू का?” मी म्हणालो.

“खळीने काय होईल?”

“ताठ राहील. पुस्तकाचं कापड आम्ही तसंच ताठ करत होतो.”

मी गावातल्या वाचनालयात चौतीस वर्षं होतो. ग्रंथपाल म्हणवत असलो तरी पुस्तकं देणं, झाडणं आणि बांधणं ही तिन्ही कामं माझीच होती. बांधणीची खळ मला झोपेतही करता आली असती. अक्काच्या कामात मला कळतं असं तेवढंच होतं, म्हणून मी जरा जास्तच उत्साहाने उठलो. मैदा पाण्यात कालवला, मंद आचेवर ढवळत राहिलो, तुरटी टाकली, गुठळ्या मोडल्या. गार झाल्यावर ब्रशने पातळ हात दिला आणि संचांच्या चोवीस आणि जास्तीची एक अशा पंचवीस पोळ्या फळीवर वाळत घातल्या.

दुसऱ्या दिवशी अक्काने एक उचलून दाबून पाहिली.

“हां. आता पोळी वाटते,” ती म्हणाली. “शिळी, पण पोळी.”

“रंग बरोबर आहे ना?” मी विचारलं.

“आहे की. पांढरट पिवळा. तूच तर कापड काढलंस.”

कापड मीच काढलं होतं. दोन वर्षांपासून अक्काला कमी दिसत होतं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. आमच्या घरात हे बोललं जात नसे. ती म्हणायची, “नरू, तो लाल दे, मी उठत नाही,” आणि मी द्यायचो. ती म्हणायची, “आज आभाळ आहे का रे, अंधारून आलंय,” आणि मी ऊन पडलेल्या अंगणाकडे पाहत “थोडं आहे” म्हणायचो. कापायचं काम माझ्याकडे आलं, मग रंग लावायचं. टाके ती बोटांनी चाचपून घालायची. त्यातले काही भरकटायचे. ती दुपारी पडली की मी ते उसवून पुन्हा घालून ठेवायचो. आमच्या आईचा एक डोळा एका शिबिरात ऑपरेशनने गेला होता, त्यामुळे अक्का ऑपरेशनला तयार नव्हती. मीही आग्रह केला नाही.

गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. अक्का वस्तू देताना प्रत्येक नग हातात घेऊन फिरवून बघायची, नखाने टाका दाबायची, आणि मगच पुढे करायची. बायका म्हणायच्या, द्वारकाअक्कांच्या हातून काही सुटत नाही. तिची मिळकत म्हणजे हे एवढंच होतं. नाव.

सहा संच शनिवारी गेले. रेवतीबाई स्वतः रिक्षा घेऊन आल्या होत्या.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी फळी आवरायला घेतली. जास्तीची एक पोळी तिथे राहिली होती, कडेला वाकडी कापली गेली म्हणून बाजूला ठेवलेली. मी ती उचलली आणि फडक्यासारखी झटकली. ती जशीच्या तशी होती.

हे लिहायला सोपं आहे, पण तेव्हा कळायला मला वेळ लागला. आमच्या घरात झुरळं भरपूर. मैद्याची खळ लावलेला कागद रात्री उघडा राहिला तर सकाळी त्याच्या कडा कुरतडलेल्या असतात. ही पोळी सहा दिवस उघड्यावर होती आणि तिला कुणी तोंड लावलं नव्हतं. मी ती खिडकीत नेली. उन्हात धरल्यावर तिच्यावर निळसर छटा दिसली. फार नाही. दुधात थेंबभर नीळ पडावी इतकी.

वाचनालयात आम्ही खळीत मोरचूद घालायचो. निळे खडे असतात, विषारी. कसर लागू नये, झुरळांनी पुस्तक खाऊ नये म्हणून. तुरटीनंतर मोरचूद, चौतीस वर्षं, दर पंधरा दिवसांनी. निवृत्तीच्या वेळी उरलेली पुडी मी घरी आणली होती आणि ती तुरटीच्या शेजारीच होती.

मी पुडी काढून पाहिली. कागदाची घडी बरोबर होती. खडे कमी झाले होते का, मला सांगता येईना. घातल्याचं आठवत नव्हतं. न घातल्याचंही आठवत नव्हतं. हाताने सवयीने केलेलं काम डोक्यात राहत नाही.

“काय शोधतोस?” अक्काने आतून विचारलं.

“काही नाही. जरा नदीपलीकडे जाऊन येतो.”

“आत्ता? उन्हाचं?”

“पुस्तक परत करायचंय.”

मी कापडी पिशवी घेतली आणि निघालो. आयुष्यात मी अक्काशी फार थोड्या वेळा खोटं बोललो आहे, आणि दर वेळी पुस्तकाचं कारण सांगून.

पूल ओलांडेपर्यंत मी वाक्य तयार केलं. ‘बाई, आमच्याकडून एक गफलत झाली असण्याची शक्यता आहे.’ मग ‘असण्याची शक्यता’ काढलं. मग ‘आमच्याकडून’च्या जागी ‘माझ्याकडून’ घातलं. बंगल्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा वाक्य चांगलं झालं होतं आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती.

रेवतीबाई फोनवर होत्या. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

“अरे वा, नरहरकाका. अगदी वेळेवर आलात. आज शुक्रवार, चहापान आहे. या, बसा मुलांत.”

“मला जरा बोलायचं होतं.”

“बोलू की. आधी चहा तर घ्या.” त्या हसल्या आणि पुन्हा फोनकडे वळल्या.

चटईवर दहा-बारा मुलं गोल बसली होती. मधे ठोकळ्यांचं टेबल, त्यावर प्लास्टिकचे कप, आणि आमचा खाऊ. बाईंनी कपांत खरं पाणी घालू दिलं होतं. केक एका ताटलीत गठ्ठ्याने पडले होते. अक्काचं म्हणणं खरं ठरलं होतं. प्रत्येक मुलाच्या हातात पोळी होती. आणि ती जशी घरी खातात तशीच मुलं ती खात होती. गुंडाळी करायची, कपात बुडवायची, आणि टोक तोंडात धरून चोखायचं.

मी दारातच उभा राहिलो.

“आजोबा, चपला बाहेर,” दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली. ती आजची यजमान होती. तिने कुणाची तरी ओढणी साडीसारखी गुंडाळली होती. “आणि हात धुतले का?”

“धुतले.”

“मग बसा. मी कस्तुरी. साखर किती?”

“एक चमचा.”

“आमच्याकडे दोनच असते.” तिने रिकामा चमचा माझ्या कपात दोनदा हलवला. “पोळी घ्या. कालची आहे. आज पोळ्यांची बाई आली नाही.”

तिने माझ्या हातात पोळी दिली. ओली होती. मी ती तोंडाजवळ नेली आणि मांडीवरच्या पिशवीत सोडली.

“झाली?” कस्तुरीने विचारलं.

“झाली. फार छान होती. अजून आहे का?”

मला हे सुचलं कसं, मी सांगू शकत नाही. मी असा माणूस नाही. लग्नाच्या पंगतीतही मी दुसऱ्यांदा काही मागितलेलं नाही. पण बोलण्यापेक्षा मागणं सोपं होतं.

तिने आणखी एक दिली. तीही पिशवीत गेली.

“अजून?”

“अजून आहे का?”

“तुमच्याकडे स्वयंपाक करत नाहीत का?” तिने कमरेवर हात ठेवले.

“करतात. पण मला पुरत नाही.”

मुलं खिदळली. एकाने आपल्या तोंडातली पोळी काढून माझ्यापुढे धरली. मी तीही घेतली. मग सगळेच पोळ्या आणायला लागले. दुसऱ्या टेबलावरच्या, खोक्यातल्या, उशीखालच्या. मी एकेक तोंडाशी नेत होतो, गालफडं हलवत होतो आणि पिशवीत टाकत होतो.

“बाई, आजोबा पिशवीत टाकतायत,” एक मुलगा ओरडला.

“माझं पोट पिशवीत आहे,” मी म्हणालो.

यावर फार हसू झालं. रेवतीबाईही फोन ठेवून हसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, निभावलं. सगळ्या गोळा करायच्या, घरी न्यायच्या, नव्या शिवून पाठवायच्या. म्हणायचं, अक्काला त्या आवडल्या नव्हत्या. कुणालाच काही सांगावं लागणार नाही.

मी पिशवीत हात घालून मोजल्या. तेवीस होत्या. पुन्हा मोजल्या.

“कस्तुरीताई, एक राहिली कुठेतरी.”

“संपल्या. किती खाल?”

“एकच. कुठे आहे ती?”

“ती चिन्मयकडे आहे. त्याला तीच लागते. झोपतानापण तोंडात लागते. बाईंनी त्याला घरी नेऊ दिली.”

“चिन्मय कोणता?”

“तो नाहीच आलाय. त्याला उलट्या होतायत,” कस्तुरी म्हणाली आणि माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.

मी उठलो. उठताना कप सांडला. तोवर मुलांना न्यायला आया यायला लागल्या होत्या, पाच-सहा जणी व्हरांड्यात चपला काढत होत्या. रस्ताभर घासलेलं वाक्य माझ्या डोक्यात कुठेच नव्हतं.

“पोळ्यांना विष आहे,” मी म्हणालो.

शब्द निवडण्यात माझी हयात गेली आणि त्या दिवशी मी हे शब्द निवडले. आवाजही नको इतका मोठा निघाला. मग एकीने आपल्या मुलीला खसकन उचललं.

“काका, काय म्हणताय तुम्ही?” रेवतीबाई पुढे आल्या.

“मोरचूद. खळीत पडलं असावं. मी खळ केली. मुलांची तोंडं धुवा. आणि चिन्मयच्या घरी फोन करा, त्याची पोळी काढून घ्या, त्याला डॉक्टरकडे न्यायला सांगा. मोरचूद म्हणून सांगा.”

एवढं मात्र मी नीट सांगितलं. बाईंनीही मग एक शब्द वाया घालवला नाही. फोन केला, मुलांना नळाशी नेलं, चुळा भरवल्या. आयांनी मुलांच्या जिभा बाहेर काढून पाहिल्या. मी पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात उभा होतो. कस्तुरी आईच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती. मी खोटं खोटं जेवलो होतो हे तिला आत्ता कळलं असावं.

वीस मिनिटांनी फोन आला. चिन्मयला डॉक्टरकडे नेलं होतं. कालपासून दोनदा उलटी झाली होती, आता शांत होता, पाणी घेत होता. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. पोळीने झालं का, या प्रश्नावर म्हणाले, असेलही, नसेलही.

रेवतीबाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

“तुमची चूक झाली, तुम्ही सांगितलंत, ठीक आहे,” त्या हळूहळू म्हणाल्या. “पण मला एक कळत नाही. अक्का तर एकेक नग उलटापालटा करून बघतात. माझ्यासमोर बघितलं त्यांनी. हा निळा रंग त्यांच्या नजरेतून सुटला कसा?”

घाईत राहिलं, असं म्हणता आलं असतं. उजेड नव्हता, म्हणता आलं असतं. व्हरांड्यातल्या बाया जवळ सरकल्या होत्या.

“तिला दिसत नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली. निळं तर मुळीच दिसत नाही.”

“मग हे सगळं करतं कोण?” मागून कुणीतरी विचारलं.

“ती शिवते. मी बघतो.”

“काका,” रेवतीबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून मला ते जास्त लागलं. “मोतीबिंदूचं ऑपरेशन आता दहा-पंधरा मिनिटांत होतं. दोन वर्षं तुम्ही काय करत होतात?”

मी पिशवी घेऊन बाहेर पडलो.

घरी आलो तेव्हा अक्का ओट्यावर बसली होती. माझ्या पावलांवरून तिने ओळखलं असावं. काही विचारलं नाही. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मधे ती एकदाच बोलली.

“पोरगं कसं आहे?”

“बरं आहे म्हणतात.”

“म्हणतात की आहे?”

“पाणी घेतंय. शांत आहे.”

“हं. पुढे.”

मी पुढे सांगितलं. शेवटपर्यंत आलो आणि थांबलो.

“मग?” ती म्हणाली. “खळ कोणाची म्हणून सांगितलंस?”

“माझी.”

“कशाला? वस्तू माझ्या नावाने गेली होती.”

“अक्का, मी आणखीही सांगितलं.”

तिने मान माझ्याकडे वळवली.

“तुला दिसत नाही म्हणून सांगितलं.”

“सगळ्यांसमोर?”

“हो.”

“कोणी विचारलं होतं?”

“बाईंनी. निळं तुला दिसलं कसं नाही म्हणून.”

“मग खोटं बोलता आलं नाही तुला?”

“आलं असतं.”

अक्काने पदराने मान पुसली. मग भिंतीला धरून उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. ती पोळ्यांची पिशवी मागायला परत आली.

“त्या जाळून टाकू,” ती म्हणाली. “घरात नकोत.”

परसात पाण्याचा बंब होता. मी त्यात काटक्या घातल्या, त्या पेटल्यावर पोळ्या टाकल्या. ओल्या असल्यामुळे आधी नुसत्या धुमसल्या. अक्का शेजारी पाट घेऊन बसली होती. मग एकदम जाळ आला. तो हिरवा होता. कडेला निळा आणि मधे स्वच्छ हिरवा. शाळेत असताना रसायनाच्या पुस्तकात वाचलं होतं, मोरचुदासारखा तांब्याचा क्षार जळताना असा दिसतो. सकाळपासून मनात एक बारीक आशा होती, कदाचित नसेलच पडलं. ती तिथे संपली.

“पेटल्या का?” अक्काने विचारलं.

“हो. हिरव्या जळतायत.”

“हिरव्या?”

ती पुढे वाकली. तोंडावर झळ लागेपर्यंत वाकली आणि बघत राहिली. मी तिच्या दंडाला धरलं.

“मला आपलं पिवळंच दिसतंय,” ती म्हणाली.

दोन वर्षांत तिने हे पहिल्यांदा म्हटलं. मी दंड सोडला नाही. ती सरळ झाली, माझा हात बाजूला केला आणि घरात गेली.

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. कामाच्या कपाटाला हात लावला नाही. गावात व्हायचं ते झालं होतं. शेजारच्या बाई येऊन गेल्या आणि अक्काच्या डोळ्यांसमोर दोन बोटं नाचवून “किती?” असं विचारून गेल्या. अक्काने “तुझ्या अकलेइतकी” असं उत्तर दिलं; पण त्या गेल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिली. एक जुनं गिऱ्हाईक बारशासाठी सांगितलेले कापडी लाडू नकोत म्हणून निरोप देऊन गेलं.

पाचव्या दिवशी रेवतीबाई आल्या. चिन्मय वर्गात यायला लागला होता, खिचडी खात होता. ते सांगायलाच त्या आल्या होत्या. बाकीचा खाऊ त्यांनी तपासून ठेवून घेतला होता. अक्काने सगळं ऐकून घेतलं, त्यांची माफी मागितली. मीही मागितली; पण मी काय बोललो ते कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. मग अक्का म्हणाली,

“रेवती, पुण्याला एखादं डोळ्यांचं हॉस्पिटल तुझ्या माहितीचं आहे का?”

“आहे ना. मी नेते तुम्हाला. आणि काका...”

“तो नको,” अक्का म्हणाली. “तुला वेळ असेल तर तू ये.”

त्या दोघी एसटीने गेल्या. आठवड्याने एक डोळा झाला, दीड महिन्याने दुसरा. मी दोन्ही वेळा घरीच होतो. पहिल्या खेपेला मी स्टँडपर्यंत पिशवी घेऊन गेलो. अक्काने ती खिडकीतून घेतली आणि म्हणाली, “जा आता, ऊन आहे.” त्या दिवशी खरोखरच ऊन होतं.

दुसरा डोळा झाल्यावर पंधरा दिवसांनी तिचा काळा चष्मा सुटला. त्याच दुपारी तिने कपाट उघडलं आणि आम्ही त्या दोन वर्षांत करून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. ओट्यावर जुनं लुगडं पसरलं आणि त्यावर खाऊ मांडला. मी दाराशी उभा होतो. ती एकेक वस्तू हातात घ्यायची, जवळ न्यायची, लांब धरायची.

“हा टोमॅटो आहे?”

“हो.”

“वांग्याच्या रंगाचा?”

“लाल कापड संपलं होतं तेव्हा.”

“आणि मला म्हणालास लाल.”

तिने एक करंजी उचलली, कडेच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. टाके जाड, दूर दूर, पुस्तकाची पानं शिवावीत तसे होते. ते माझे होते.

“दुपारी मी पडले की तू माझे उसवून हे घालायचास,” ती म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“बोटांना कळतं रे. मेलं, एवढं कळू नये?”

“मग बोलली का नाहीस?”

तिने करंजी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत तिने माझा चेहरा नीट पाहिला नव्हता. ती बराच वेळ बघत होती. मला कुठे बघावं कळेना.

“रिटायर झाल्यापासून तू घरात आहेस की नाही तेसुद्धा कळायचं नाही,” ती म्हणाली. “खोलीत पानं उलटल्याचा आवाज आला की समजायचं, आहे. मग तू कापायला बसायला लागलास. दोन वाजले की चटई टाकायचास. बडबडायचास. मी म्हटलं, असू दे.”

अंगणात कुणाचं तरी कोंबडं आलं होतं. ती त्याला हाकलायला उठली नाही.

“एक विचारू?” ती म्हणाली. “ऑपरेशनला मी नको म्हणाले, आईचं उदाहरण दिलं. तू शिकलेला, वाचलेला. आता तसं होत नाही हे तुला माहीत होतं ना?”

“होतं.”

“मग एकदा तरी म्हणालास, चल म्हणून?”

“नाही.”

“का रे?”

रेवतीबाईंनी विचारलं तेव्हा मी पिशवी घेऊन निघून आलो होतो. या वेळी जायला कुठे नव्हतं.

“तुला दिसायला लागलं असतं,” मी म्हणालो.

मला वाटलं होतं, ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने समोरचा खाऊ दोन भागांत लावायला सुरुवात केली, उसवायचं एकीकडे, ठेवायचं एकीकडे. ठेवायच्या बाजूला फारसं काही पडत नव्हतं. मी चटईवर बसायला म्हणून पुढे झालो.

“राहू दे,” ती मान वर न करता म्हणाली. आवाजात राग नव्हता. “हे आता माझं मी करीन. फार राबलास दोन वर्षं. उद्यापासून तू मोकळा. वाचत बस आपला.”

त्यानंतर तिने सात वर्षं काम केलं. गिऱ्हाइकं हळूहळू परत आली, रेवतीबाईंच्या बालवर्गातून सर्वांत आधी. शुक्रवारच्या चहापानाला नव्या पोळ्या गेल्या. लोंबणाऱ्या. अक्काने त्यांना काहीही लावू दिलं नाही. मुलांचं त्यावाचून काही अडलं नाही असं ऐकलं.

मी त्या दुपारी माझ्या खोलीत गेलो. खिडकीपाशी बसलो, पुस्तक उघडलं. बाहेर ओट्यावर कात्री चालल्याचा आवाज येत होता, माझे टाके कापल्याचा. थोड्या थोड्या वेळाने मी पान उलटत होतो, म्हणजे तिला ऐकू जावं.